नांगर, नाटक आणि नियतकालिक

खानापूर आणि लोंढा यांच्यामध्ये गुंजी हे छोटं स्टेशन लागतं. पंचक्रोशीत हे गाव ओळखलं जातं ते माउली देवीमुळे. आजूबाजूला भातशेती, मागे सह्याद्रीचं रान आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने ओलं आभाळ. १८८०च्या दशकात या रानातून मीटरगेजचे रूळ टाकले गेले. टाकणाऱ्या कंपनीचं नाव होतं सदर्न मराठा रेल्वे. कंपनी १८८२ सालची, भांडवल लंडनचं. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळात या मुलखात धान्य वेळेवर पोचवता आलं नव्हतं, म्हणून रेल्वे हवी, असं सांगितलं जात असे. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. धारवाड-गदगकडचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा होता. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे घाट उतरून मुरगाव बंदराला जाणारा लोहमार्ग १८८८ साली खुला झाला आणि गुंजीकरांच्या शेताच्या बांधावरून जगाचा बाजार धावू लागला.

या रुळांवरून कापूस आणि लाकूड गेलं. रॉकेलचे डबे, गिरणीचं कापड, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि नाटक कंपन्यांच्या पडद्यांच्या पेट्या आल्या. आर्थिक इतिहास लिहिणारे पहिल्या चार गोष्टी मोजतात, वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे शेवटच्या दोन. पण त्या एकाच डब्यातून येत होत्या. बेळगाव भागात भांडवल, रंगभूमी आणि छापील कागद यांचं नातं असं घट्ट विणलेलं होतं, की मराठी मध्यमवर्गाचं निम्मं सांस्कृतिक घर त्यावर उभं राहिलं. आणि त्या विणकामात एक आडनाव पुन्हा पुन्हा येतं: किर्लोस्कर.

कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा खानापूरवरून पूर्वेला जाते. तिच्या वाटेवर सौंदत्तीच्या बाजूला गुर्लहोसूर नावाचं गाव आहे. तिथे १८४३ साली बळवंत पांडुरंग म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’चा खेळ केला, तो सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. मराठी रंगभूमीचा पहिला मालक असा राजा होता. १८५१ साली चिंतामणराव गेले, आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. दोन वर्षांनी मुंबईत त्यांचे खेळ तिकीट लावून झाले. दरबारातून नाटक बाहेर पडलं ते सरळ बाजारात, मध्ये थांबा नव्हता.

अण्णासाहेबांनी या बाजाराची नाडी ओळखली. काही काळ ते बेळगावात शिक्षक होते, पुढे सरकारी नोकरीत. पुण्यात त्यांनी पारशी कंपनीचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहिला. गाणं, झगमगाट आणि गल्ला या तिन्ही गोष्टी तिथे भरपूर होत्या. असं मराठीत का नाही, या ईर्ष्येतून ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आले. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं. १८८५ साली वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी अण्णासाहेब वारले, पण किर्लोस्कर नाटक मंडळी चालत राहिली. मालक, भागीदार, पगारी नट, कर्ज आणि दौऱ्याचं वेळापत्रक असलेली ती एक पेढीच होती. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ तिने १८९९ साली केलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीची गोष्ट ऐकायला लोक पैसे मोजून आले, ते गाण्यांसाठी. सुधारणा मागच्या दाराने आत गेली आणि पुढच्या दारावर तिकीटविक्री चालू होती.

१९०५ साली मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनी १९१३ मध्ये स्वतंत्र गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांचं पातळ, त्यांचा अंबाडा, त्यांचे दागिने घराघरांत उतरले. पुरुष नटाकडे पाहून बायका नेसायला शिकल्या. व्यापाऱ्यांना याहून चांगला जाहिरातदार मिळाला नसता. आणि तरी खऱ्या अत्तराच्या आणि खऱ्या भरजरी शालूंच्या हट्टापायी ही कंपनी कर्जात बुडाली. भांडवलाचं गणित जमलेली माणसं दुसरीकडे होती.

त्यांतलं एक माणूस त्याच गुर्लहोसूरचं. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली जन्मले, अण्णासाहेबांच्याच घराण्यात. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, पण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेल्यावर काही रंगांतला फरक त्यांना ओळखू येत नाही हे लक्षात आलं. मग यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे बढतीच्या वेळी डावललं गेल्यावर नोकरीला रामराम ठोकून बेळगावला परतले. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामुअण्णा, तिथे होतेच. दोघांच्या सायकलच्या दुकानापासून किर्लोस्कर ब्रदर्सचा इतिहास सुरू होतो. कंपनी स्वतःचं जन्मवर्ष १८८८ सांगते. बेळगावातला किर्लोस्कर रोड आजही त्याची आठवण ठेवून आहे.

त्या दुकानाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर कँटोन्मेंटमधले साहेब आणि एखाददुसरा वकील किंवा इनामदार. पण सायकल घेऊन भागत नसे, चालवताही यायला हवी. तर शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे. लक्ष्मणराव स्वतः मागे धावत शिकवत. इंग्रजी मालाचा मराठी विक्रेता होण्याइतकीच ही झेप होती. पुढची झेप मोठी. आधी कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर त्यांनी स्वतः बनवला.

नांगर खपेना. लोखंडाने जमिनीला विष लागतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, असं किर्लोस्करांच्या घरात सांगत आले आहेत. या गोष्टीत शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याचा मोह बऱ्याच चरित्रकारांना आवरत नाही. पण गुंजीच्या चिखलणीत उभं राहून पाहिलं तर वेगळं दिसतं. भाताच्या खाचरात हलका लाकडी नांगर पुरतो. गावचा सुतार तो पावसाआधी दुरुस्त करून देतो आणि बलुतं धान्यात घेतो. लोखंडी नांगर कामाचा होता तो काळ्या जमिनीत, खोल गेलेली हरळी उपटायला, आणि त्याला बैलांच्या एकाहून जास्त जोड्या लागत. म्हणजे शेतकऱ्यापुढे प्रश्न श्रद्धेइतकाच रोकडीचाही होता. सुताराशी असलेलं पिढ्यांचं नातं तोडून नगद पैसे मोजायचे, तेही न पाहिलेल्या वस्तूसाठी! खळखळ झाली नसती तरच नवल.

लक्ष्मणरावांना यातून एक धडा मिळाला असावा. माल तयार करणं हा धंद्याचा अर्धा भाग, आणि ज्याला तो हवा असं वाटेल असा माणूस तयार करणं हा उरलेला.

मग बेळगावच्या नगरपालिकेला गावाची वाढ करण्यासाठी त्यांची जागा हवीशी झाली. कारखाना हलवणं भाग पडलं. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक; रंग न ओळखता येणाऱ्या यांत्रिकाशी त्यांचं जुळलं. कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर उजाड माळजमीन आणि दहा हजारांचं कर्ज घेऊन १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. निवडुंग आणि साप यांच्या माळावर कारखाना, घरं, शाळा उभी राहिली. पहाऱ्यासाठी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली गेली आणि वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. गंमत म्हणजे हे स्टेशन आणि गुंजी एकाच लोहमार्गावर आहेत: पुणे, किर्लोस्करवाडी, मिरज, बेळगाव, खानापूर, गुंजी, लोंढा. बेळगावच्या नगरपालिकेने त्या वेळी थोडं सबुरीने घेतलं असतं, तर मराठी नियतकालिकांच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर कर्नाटकात गेलं असतं.

ते प्रकरण असं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, हाडाचे चित्रकार होते. कारखान्याच्या जाहिराती त्यांच्याकडे आल्या. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याचं घरचं पत्रक, नांगर घेणाऱ्याशी आणि विकणाऱ्याशी बोलणारं. कारखान्याची माहिती, उद्योगाचे धडे, कष्टाने वर आलेल्या माणसांच्या हकिगती. अशी पत्रकं त्या काळी अमेरिकेत कंपन्या काढत आणि बहुतेक रद्दीत जात. ‘खबर’ गेली नाही. १९२९ मध्ये तिचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली ‘मनोहर’. मिरजेच्या पलीकडच्या माळावरच्या छापखान्यातून तीन मासिकं टपालाच्या पिशव्यांत भरून निघत आणि पुणे-मुंबईपासून इंदूर-बडोद्यापर्यंतच्या मराठी घरांत पोचत. दिवाळीला तिघांच्या नावांची अद्याक्षरं जोडून ‘किस्त्रीम’ हा अंकही पुढे निघू लागला.

नांगराच्या पैशावर निघणाऱ्या मासिकाने काय छापलं, हे पाहिलं की भांडवलशाही आणि संस्कृती यांच्याबद्दलची सोपी सूत्रं अडखळतात. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’ने छापले. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असं म्हणणारा हा लेखक. आता नांगराचं गिऱ्हाईक कोण? बैलपोळ्याला बैलांच्या पाया पडणारा शेतकरी. कुठल्याही सावध जाहिरात व्यवस्थापकाने हे लेख थांबवले असते. ‘स्त्री’ने घटस्फोट, प्रौढविवाह, नोकरी करणारी बाई, संततिनियमन या विषयांना मध्यमवर्गीय माजघरात वाट करून दिली. लिहिणाऱ्या बायकांची एक पिढीच तिच्या पानांवर उभी राहिली.

शेजारी र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक ठेवून पाहावं. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत कर्व्यांनी ते जवळपास एकट्याने चालवलं; खटले झाले, दंड झाला, १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. विषय पुष्कळदा तेच. पण कर्व्यांच्या पाठीशी ना कारखाना ना वितरण, आणि शब्द मऊ करण्याची त्यांची तयारी नव्हती. ‘स्त्री’ सासूच्याही हाती पडेल अशा बेताने लिहिली जाई. भांडवलाने सुधारणेला टपालखर्च, सुबक छपाई आणि रंगीत मुखपृष्ठ दिलं; बदल्यात तिचा आवाज घरगुती पट्टीत आणून ठेवला. हा व्यवहार वाईट झाला असं म्हणवत नाही. किती घरांत कर्व्यांचा अंक लपवून ठेवावा लागला असेल आणि ‘स्त्री’ मात्र कपाटावर उघडी पडलेली असेल!

एक कुंपण मात्र होतंच. देव, गाय, सोवळं, लग्न यांवर या मासिकांनी प्रश्न विचारले. कारखाना कोणाचा आणि नफा कोणाचा, हा प्रश्न त्या पानांवर कधी त्या तडफेने उभा राहिला नाही. माणसाने जिद्दीने वर यावं, यंत्र शिकावं, वेळ पाळावी, हे त्यांचं तत्त्वज्ञान. वर येण्याची शिडी कोणी धरून ठेवली आहे, याची चौकशी त्यात बसत नव्हती. कारखानदाराच्या मासिकाकडून ती अपेक्षा करावी का, हा वेगळा मुद्दा.

ती चौकशी करायला भाग पाडणारं गाव बेळगावच्या उत्तरेला आहे. निपाणी. इथलं भांडवल तंबाखूचं. रुळांपेक्षा इथे पुणे-बंगळूर महामार्ग महत्त्वाचा. वखारींमध्ये बायका तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळत, धूळ हवेत भरून राही. घरोघरी बायका-पोरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. मजुरी हजारावर. पण हजार म्हणजे हजार नव्हे. मुकादम मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढणार, त्यांचे पैसे नाहीत, विड्या मात्र परतही नाहीत. विडी कामगारांसाठी कायदा १९६६ सालीच झाला होता, पण तो निपाणीच्या गल्लीत उतरायला प्रा. सुभाष जोशी यांनी उभ्या केलेल्या चिकोडी तालुका कामगार महासंघाची वाट पाहावी लागली.

विडीच्या कारखानदारांनीही जाहिरातीवर पैसा ओतला. भिंती रंगल्या, एसटी स्टँडवर पाट्या लागल्या, बंडलाच्या कागदावर देव आले, वाघ आले, मालकाचे मिशीवाले फोटो आले. न वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाने चित्रावरून माल ओळखावा, यासाठी ही कला. शाळा-कॉलेजांनाही तंबाखूच्या पैशाचा हात लागला. निपाणीला चिकटून पण हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या अर्जुननगरात देवचंद कॉलेज उभं आहे. पण ‘किर्लोस्कर’सारखं मासिक तंबाखूने काढलं नाही. कारण फारसं गूढ नाही. नांगर विकायचा तर शेतकऱ्याचं मन बदलावं लागत होतं. विडी ओढणाऱ्याचं मन जसं होतं तसंच सोयीचं होतं.

म्हणून निपाणीची गोष्ट बाहेरच्या माणसांनी लिहिली. अनिल अवचटांनी तिथल्या वखारींत जाऊन तंबाखू कामगार बायकांचं जगणं मराठी वाचकांपुढे मांडलं. १९८१च्या मार्चमध्ये शेतकरी चळवळीतल्या शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रस्त्यावर आले. महामार्गावरच ठाण मांडलं, तिथेच चुली पेटल्या, भाकऱ्या थापल्या गेल्या. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. भाव मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुजणारी तक्रार पहिल्या पानावर यायला आधी ट्रक अडावे लागले आणि मग रक्त सांडावं लागलं. शरद जोशी हे ओळखून होते; ‘वारकरी’ साप्ताहिक आणि नंतर ‘शेतकरी संघटक’ ही चळवळीची स्वतःची पत्रं होती. दोन पिढ्यांपूर्वी या शेतकऱ्याला छापील कागदावर गिऱ्हाईक म्हणून हाक मारली गेली होती. आता तो विक्रेता म्हणून बोलत होता, आणि भाव मागत होता.

किर्लोस्करांची मासिकं तोवर पुण्यात होती आणि थकत चालली होती. दैनिकांच्या रविवार पुरवण्यांनी कथा-लेख स्वस्तात द्यायला सुरुवात केली, दूरदर्शनने संध्याकाळ घेतली, जाहिरातदार तिकडे वळले. कारखान्याला आता मासिकाची गरजही उरली नव्हती. पंप आणि डिझेल इंजिनं खपवायला गिऱ्हाइकाचं मन वळवावं लागत नव्हतं. १९६४ पासून ‘स्त्री’त काम करणाऱ्या विद्या बाळ १९८३ मध्ये तिच्या संपादक झाल्या, तीन वर्षांनी बाहेर पडल्या आणि १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं, कुठल्याही उद्योगघराण्याविना, वर्गणीदारांच्या जोरावर.

सीमाभागात छापील मराठीला दुसराच धनी भेटला होता. १८६३ सालच्या ‘बेळगाव समाचार’पासून इथे पत्रांची परंपरा. बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ काढला. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ नंतर गुंजी, खानापूर, निपाणी, बेळगाव सारे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. तेव्हापासून सीमाप्रश्न ही इथल्या मराठी दैनिकाची रोजची बातमी आहे आणि, स्पष्टच बोलायचं तर, त्याच्या खपाचा पायाही. याला ढोंग म्हणणं अन्यायाचं ठरेल. दुःख खरं असतं आणि अंकही विकला जातो. ‘शारदा’च्या वेळी तरी काय वेगळं होतं?

आता कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं आहे. २०२४ मध्ये तसा कायदा झाला. त्यामुळे खानापूरच्या बाजारात खताचं दुकान रस्त्याकडे कन्नडमध्ये बोलतं. त्याच दुकानाचा मालक जत्रेच्या वेळी मराठी दैनिकाच्या पुरवणीत जाहिरात देतो तेव्हा वर देवीचा मुखवटा, खाली स्वतःचा, भावांचा आणि मुलांचा फोटो आणि मधोमध मराठीत हार्दिक शुभेच्छा असतात. अशा पुरवणीची पानं संपादकीय खात्यापेक्षा जाहिरात खातं ठरवतं. चार-दोन वर्षांनी एखाद्या शाळकरी मुलीला गावच्या देवीचा इतिहास लिहायचा असतो, तेव्हा आजीने जपून ठेवलेलं हेच पान पुढे येतं. त्यावरचा मजकूर कोणी लिहिला त्याचं नाव नसतं. जाहिरातदारांची नावं मात्र सगळी असतात.